चारकोपचे ऊन, चौकातली गाडी आणि जिन्याखालची बॅटरी : एका घराचे प्रकरण

कांदिवली पश्चिमेला चारकोपमध्ये म्हाडाने १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने लहान लहान भूखंड आखून दिले आणि लोकांनी त्यांवर आपापल्या ऐपतीप्रमाणे घरे बांधली. मध्ये मोकळा चौक आणि त्याभोवती भिंतीला भिंत लावून उभी असलेली घरे, अशी तिथल्या सोसायट्यांची ठेवण आहे. ज्या घराचे हे प्रकरण आहे, ते अशाच एका सोसायटीतील चाळीस चौरस मीटरच्या भूखंडावरचे, तळमजला आणि वर एक मजला असलेले घर आहे. घरात पती-पत्नी, कॉलेजात जाणारा मुलगा आणि पतीची चौऱ्याहत्तर वर्षांची आई अशी चार माणसे राहतात. आईंना फुप्फुसाच्या विकारामुळे २०२१ पासून रात्री ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढून देणारे विजेचे यंत्र, लावावा लागतो. पती अंधेरी एमआयडीसीत नोकरीला आहेत. ते सकाळी साडेआठला विजेवर चालणारी गाडी घेऊन निघतात आणि संध्याकाळी साडेसातच्या सुमारास परततात. पुढच्या सगळ्या गुंत्याचे मूळ या वेळापत्रकात आहे, कारण गच्चीवर ऊन असते तेव्हा गाडी घरी नसते आणि गाडी घरी येते तेव्हा ऊन उतरलेले असते.

मला या घरी यंत्रणा तपासायला बोलावणे आले ते जुलै २०२५ मध्ये, म्हणजे गच्चीवर सौर पॅनेल आणि जिन्याखाली बॅटरी अशी सगळी यंत्रणा बसून दहा महिने झाल्यावर आणि जूनमधील एका रात्रीच्या प्रसंगानंतर. त्यामुळे इथे मांडलेला पूर्वार्ध मी वीजबिले, इन्व्हर्टरच्या मोबाइल ॲपमधील नोंदी आणि घरच्यांचे सांगणे यांवरून जुळवलेला आहे. उत्तरार्ध मात्र समोर पाहिलेला आहे.

आधी मागणी पाहू. गाडी टियागो ईव्ही आहे, बॅटरी २४ किलोवॅट-तासांची (एक किलोवॅट-तास म्हणजे एक युनिट) आणि घरच्या विजेवर चार्ज होण्याचा कमाल वेग ३.३ किलोवॅट. महिन्याचे फिरणे सरासरी ९०० किलोमीटर. भिंतीवरच्या चार्जरपाशी मोजलेली वीज १०० किलोमीटरला साडेचौदा युनिट पडते. गाडीच्या पडद्यावर दिसणारा आकडा यापेक्षा कमी असतो, कारण चार्जिंग करताना उष्णतेत जाणारी वीज त्यात धरलेली नसते. बिल मात्र भिंतीपाशी मोजलेल्या आकड्याचेच येते. म्हणजे गाडीला महिन्याला १३० युनिट लागतात आणि घराला, वर्षाची सरासरी काढली तर, ३१०. मुंबईत घरगुती विजेचे दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या पायऱ्यांनी चढत जातात. घराचा वापर आधीच दुसऱ्या पायरीच्या टोकाला असल्यामुळे गाडीची जवळजवळ सगळी वीज तिसऱ्या, महागड्या पायरीवर गेली. वहन आकार, इंधन समायोजन आणि १६ टक्के वीज शुल्क धरून त्यांच्या बिलात हा दर युनिटला तेरा रुपयांच्या घरात पडत होता. सौर यंत्रणेचा विचार या बिलामुळे सुरू झाला आणि बॅटरीचा विचार आईंमुळे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास अख्ख्या मुंबईची वीज गेली होती, लोकल गाड्याही जागच्या जागी थांबल्या होत्या. तेव्हा घरात कॉन्सन्ट्रेटर नव्हता, पण तो आल्यापासून त्या दिवसाची आठवण घरात वारंवार निघत असे.

मे महिन्यातील पाहणी

गच्चीवर पाण्याची टाकी आणि जिन्याची कॅबिन सोडून उरलेल्या जागेत ५४० वॅटची सहा पॅनेल बसतात, म्हणजे ३.२४ किलोवॅट. एक पॅनेल साधारण सव्वादोन मीटर लांब आणि एक मीटरहून थोडे अधिक रुंद असते, त्यामुळे सहा पॅनेलना निव्वळ साडेपंधरा चौरस मीटर जागा लागते. धुण्यासाठी हात पोहोचेल इतकी वाट सोडली की चारकोपची गच्ची भरते. पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॅट आणि त्यापुढील घरगुती यंत्रणेला कमाल ७८,००० रुपये अनुदान मिळते. त्यासाठी पॅनेल देशी सेलचीच असावी लागतात, आणि तशीच घेतली गेली. इथवर सगळे रीतसर झाले.

चूक झाली ती सावली पाहण्यात. कंत्राटदाराचा माणूस मे २०२४ च्या मध्यावर दुपारी बाराला गच्चीवर गेला, त्याने मोबाइलवर फोटो काढले आणि “सावली नाही” असा शेरा लिहिला. शेरा खराच होता. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य भर दुपारी नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाखालीच राहते. त्या दिवसांत कुठलीही गच्ची निर्मळ दिसते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून साडेसत्तेचाळीस अंशांवरच असतो आणि सावली वस्तूच्या उंचीच्या नऊ-दशांश इतकी लांब पडते, तीही उत्तरेकडे. दक्षिणेच्या शेजाऱ्यांची टाकी या गच्चीपासून अडीच मीटर उंच आहे. म्हणजे डिसेंबरमध्ये दुपारी बाराला सव्वादोन मीटरची सावली पहिल्या दोन पॅनेलवर पडत होती, आणि सकाळी दहाला त्याहूनही लांब. सहाही पॅनेल एकाच माळेत जोडलेली असल्यामुळे दोन पॅनेलवरची सावली साऱ्या माळेला भोवली. डिसेंबर २०२४ ची निर्मिती २४० युनिट भरली. जानेवारीत ती दोन पॅनेल जिन्याच्या कॅबिनवर, लोखंडी सांगाडा उंच करून हलवली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये त्याच सहा पॅनेलनी ३१५ युनिट दिले. मुंबईत गच्चीची पाहणी हिवाळ्यात करावी, आणि ते जमत नसेल तर निदान हिवाळ्यातील सावली कागदावर आखून पाहावी. त्याला फार तर अर्धा तास लागतो.

पॅनेलचा सांगाडा गच्चीत भोके पाडून न बसवता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर बसवला आहे. गळतीच्या भीतीने तसे केले, ते ठीकच. पण मे २०२१ मधील तौक्ते वादळात मुंबईत वाऱ्याचे झोत ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेले होते, हे लक्षात घेता ठोकळ्यांचे वजन मला तोकडे वाटले आणि कॅबिनवरील दोन पॅनेलना मी भिंतीत अँकर घालून घ्यायला लावले.

मीटरच्या बाबतीतही एक किरकोळ फटका बसला. यंत्रणा सप्टेंबर २०२४ मध्ये बसली, नेट मीटर, म्हणजे बाहेर दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करणारा मीटर, नोव्हेंबरमध्ये लागला. मधल्या काळात कंत्राटदाराने “चाचणी” म्हणून यंत्रणा चालू ठेवली. जुने इलेक्ट्रॉनिक मीटर अनेकदा वीज कोणत्या दिशेने वाहते हे न पाहता केवळ मोजत राहतात, त्यामुळे दुपारी रिकाम्या घरातून बाहेर गेलेली वीज वापरलेली म्हणून मोजली गेली आणि ऑक्टोबरचे बिल आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरपेक्षा जास्त आले. नेट मीटर लागेपर्यंत एक तर यंत्रणा बंद ठेवायची, किंवा इन्व्हर्टरमध्ये वीज बाहेर न सोडण्याची मर्यादा घालायची, एवढे पाळले असते तर हे टळले असते.

चौक, अर्थिंग आणि सेक्रेटरी

गाडी चौकात, घराच्या पायरीला समांतर उभी राहते. चौक सोसायटीचा आहे. पहिले काही आठवडे खिडकीतून वायर लोंबत असे. त्यावर सोसायटीच्या सेक्रेटरींनी हरकत घेतली. “अहो, आज तुमची एक गाडी आहे, उद्या पस्तीस घरांच्या पस्तीस होतील. मग मुलांनी चौकात खेळायचे की वायरी ओलांडायच्या?” हा त्यांचा प्रश्न घरच्यांना तेव्हा खोडसाळ वाटला होता, मला तो रास्त वाटतो. शेवटी सभेत ठराव होऊन असे ठरले की चार्जर घराच्या स्वतःच्या भिंतीवर लावायचा, वीज स्वतःच्या मीटरवरून घ्यायची, मीटरपेटीपासून चार्जरपर्यंतची आर्मर्ड केबल लादीखालून पाइपातून न्यायची आणि गाडीत जोडलेली चार्जरची वायर चौकाच्या वाटेत येता कामा नये. चार्जरची उंचीही विचार करून ठरवली. या चौकात २६ जुलै २००५ ला पाणी किती चढले होते हे शेजारच्या आजोबांनी भिंतीवर हात ठेवून दाखवले, आणि चार्जर त्या हाताच्या दोन फूट वर बसवला.

अर्थिंगचा प्रसंग थोडा सविस्तर सांगतो, कारण तो अनेक घरांत घडतो आणि अनेक घरांत त्यावर चुकीचा इलाज होतो. चार्जर लावला त्या दिवशी गाडीने वीज घ्यायला नकार दिला. चार्जरवर लाल दिवा लागला. टीव्ही, फ्रिज, एसी सगळे नीट चालत असताना गाडी तेवढी हटून बसली, तेव्हा वायरमनने गाडीत दोष असल्याचे सांगितले. गाडीत दोष नव्हता. चार्जर वीज सोडण्याआधी अर्थ खरोखर जमिनीला पोहोचते की नाही हे तपासतो, फ्रिज तसे काही विचारत नाही. मीटरने पाहिले तेव्हा न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये वीसहून अधिक व्होल्ट दिसत होते. खाडीकाठच्या खारट भरावात तीस वर्षे पुरलेला अर्थिंगचा पाइप केव्हाच कुजून गेला होता आणि इतकी वर्षे ते घर अर्थिंगशिवाय चालले होते, हे गाडी आली म्हणून कळले. यावर वायरमनने सुचवलेला उपाय असा होता की सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडून टाकावेत. त्याने लाल दिवा जातो आणि गाडी चार्ज होऊ लागते. पण पुढे कधी न्यूट्रल तुटली तर गाडीच्या पत्र्यात थेट २३० व्होल्ट उतरतात, आणि ती गाडी मुले खेळतात त्या चौकात उभी असते. पत्नीने त्याला हात लावू दिला नाही, हे त्या घराचे नशीब. तांब्याचा मुलामा दिलेली नवी कांडी पुरून, तिचा रोध ५ ओहमच्या खाली आल्याची खात्री करून आणि गाडीच्या सर्किटवर ३० मिलिअँपियरचा स्वतंत्र आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) लावून काम पुरे झाले.

त्या रात्री काय झाले

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, ५१.२ व्होल्ट आणि १०० अँपियर-तासांची आहे, म्हणजे ५.१२ किलोवॅट-तास, त्यातील साडेचार हाताशी धरावेत. ती जिन्याखाली, स्वयंपाकघरापासून दूर भिंतीवर लावलेली आहे. जागा योग्य आहे. सोबत ५ किलोवॅटचा हायब्रिड इन्व्हर्टर आहे. असा इन्व्हर्टर वीज गेल्यावर घराला बाहेरच्या वीजपुरवठ्याच्या जाळ्यापासून तोडतो आणि बॅटरीच्या आधाराने पॅनेल व घर चालू ठेवतो. बॅटरी नसलेली साधी सौर यंत्रणा वीज गेली की स्वतःही बंद पडते, मग बाहेर कितीही ऊन असो. दुरुस्ती करणाऱ्या लाइनमनच्या जिवासाठी ते बंधन घातलेले असते.

इन्व्हर्टरला दोन बाजू असतात. एक जाळ्याकडची आणि दुसरी राखीव बाजू, जिला वीज गेल्यावरही पुरवठा मिळतो. कंत्राटदाराने गाडीचे सर्किट राखीव बाजूला जोडले होते आणि इन्व्हर्टरचा क्रम “आधी सूर्य, मग बॅटरी, शेवटी जाळे” असा लावला होता. “तुमची गाडी रात्रीसुद्धा सूर्यावर चालेल” असे त्याने विकताना सांगितले होते, आणि शब्दशः तसे घडतही होते. दिवसा बॅटरी उन्हावर भरायची, रात्री दहाला गाडी लावली की ३.३ किलोवॅटच्या वेगाने सव्वा-दीड तासात रिकामी व्हायची आणि गाडीत २९ किलोमीटरची वीज जायची. घरच्यांना त्याचे कौतुक होते. मोबाइलवर हिरवी रेघ सूर्याकडून बॅटरीकडे आणि बॅटरीकडून गाडीकडे जाताना दिसायची.

जूनमधील त्या रात्री एक वाजून पन्नास मिनिटांनी भागातील केबलमध्ये बिघाड होऊन वीज गेली. ॲपमधील नोंदीनुसार बॅटरी रात्री साडेअकरालाच तळाच्या दहा टक्क्यांवर आली होती. कॉन्सन्ट्रेटरने कर्कश शिट्टी दिली आणि तो थांबला. घरात डॉक्टरांच्या सांगण्यावरून ठेवलेला ऑक्सिजनचा लहान सिलिंडर होता, मुलाने तो जोडला. पुरवठा पावणेपाचला परत आला. आईंना काही झाले नाही. सकाळी चौकात पूर्ण चार्ज झालेली गाडी उभी होती.

कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॅट घेतो. त्याच साडेचार युनिटांवर तो बारा तासांच्या आसपास चालला असता. पत्नीने मला फोनवर एवढेच विचारले, “काका, सव्वा लाखाची बॅटरी घेऊन आम्ही अंधारात कसे बसलो?”

दुरुस्ती, आणि दुरुस्तीतील चूक

मी गाडीचे सर्किट राखीव बाजूवरून काढून मीटर आणि इन्व्हर्टर यांच्या मध्ये, जाळ्याच्या बाजूला आणले आणि काम झाले असे समजलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी पस्तीस टक्क्यांवर होती. कारण मी पाहायला विसरलेल्या ठिकाणी होते. घराची एकूण ओढ मोजण्यासाठी मुख्य वायरीभोवती एक छोटा चिमटा, सीटी, लावलेला असतो. तो मीटरजवळ होता, त्यामुळे गाडीची ओढ त्यातून जात होती आणि इन्व्हर्टरला वाटत होते की घरालाच वीज लागते आहे. तो बॅटरीतून उलट्या दिशेने वीज ढकलून ती ओढ भरून काढत होता. चिमटा गाडीच्या फाट्याच्या पुढे, इन्व्हर्टरच्या बाजूला सरकवला तेव्हा गाडी इन्व्हर्टरच्या नजरेआड झाली. शिवाय बॅटरीची राखीव मर्यादा दहावरून ऐंशी टक्क्यांवर नेली, म्हणजे वीज असेपर्यंत ती त्याखाली उतरतच नाही. यात सूर्याची वीज गाडीला मिळत नाही असे होत नाही. रविवारी दुपारी गाडी लावली तर पॅनेलची उरलेली वीज मीटरपर्यंत जाण्याआधी वाटेतल्या फाट्यावर गाडीलाच मिळते.

मग रोजच्या प्रवासासाठी बॅटरी लागतच नाही का, हा पतींचा प्रश्न होता. नेट मीटर असेल तर लागत नाही. दिवसा बाहेर दिलेले युनिट रात्री घेतलेल्या युनिटांतून वजा होतात, म्हणजे साठवणीचे काम मीटरच करतो, तेही फुकट. बॅटरी १,२५,००० रुपयांना पडली. रोज एकदा भरून रिकामी केली आणि ती दहा वर्षे टिकली, तर तिच्यातून १५,७०० च्या आसपास युनिट बाहेर पडतील. म्हणजे प्रत्येक युनिट निव्वळ साठवण्याचा खर्च आठ रुपये, आणि येता-जाता दहा-बारा टक्के गळती निराळी. नेट मीटर मिळत नसेल, किंवा बाहेर दिलेल्या युनिटाला मिळणारा मोबदला फार खाली आणला गेला, तर हे गणित बदलेल. आज या घरापुरते ते असे आहे.

दिवसा उन्हावर थेट चार्ज करण्याचाही मोह असतो. त्याला पावसाळ्यात एक तांत्रिक अडसर येतो. गाडीचे चार्जिंग ६ अँपियरच्या खाली चालत नाही, म्हणजे किमान १.४ किलोवॅट हवेत. जुलैच्या ढगांत ही सहा पॅनेल दुपारीही बहुतेक वेळ त्याच्या निम्म्यावर असतात. त्यामुळे तेव्हा उन्हावर लावलेली गाडी प्रत्यक्षात अर्ध्याहून जास्त बाहेरच्या विजेवर चार्ज होते. पत्नी तरीही मार्च-एप्रिलच्या रविवारी चार्जर १० अँपियरवर ठेवून गाडी दुपारी लावतात. हिशेबात त्याने फरक पडत नाही, पण त्यांना ते आवडते, आणि तेवढ्या वेळात एसी व गीझर एकदम चालू होऊन मुख्य एमसीबी पडण्याचा रात्रीचा त्रासही होत नाही.

२०२५ या वर्षात निर्मिती ३,८२० युनिट झाली. मुंबईत निर्मळ गच्चीवर एका किलोवॅटमागे वर्षाला १,४०० युनिट धरतात, त्या हिशेबाने ४,५०० च्या पुढे जायला हवे होते. त्या वर्षी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला आणि त्याआधीही मे महिना ढगाळच गेला, त्यामुळे एरवी भरभरून देणारा मे ३६० वर अडला. एप्रिलमध्ये ४३५ आणि ऑगस्टमध्ये २००, इतका चढउतार या शहरात गृहीतच धरावा लागतो. बाकीची तूट पश्चिमेच्या शेजाऱ्यांच्या वाढीव मजल्याची तिसऱ्या प्रहरची सावली आणि कबुतरे यांनी वाटून घेतली. घर, गाडी आणि बॅटरीची गळती मिळून ५,३९० युनिट लागले, म्हणजे विकत घ्यावे लागले १,५७०, महिन्याला सरासरी १३१. चारशे चाळीसवरून हा आकडा इथवर आल्याने महागडी पायरी पूर्ण सुटली आणि बिल महिन्याला सरासरी ३,२०० रुपयांनी उतरले. अनुदान वजा जाता पॅनेल आणि इन्व्हर्टर यांचा खर्च १,५७,००० रुपये होता, तो चार-सव्वाचार वर्षांत फिटेल. बॅटरीचे पैसे या हिशेबात कधीच फिटत नाहीत आणि ते फिटावेत अशी अपेक्षाही आता घरात कोणी करत नाही. एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. आधीची पेट्रोल गाडी शहरातल्या गर्दीत लिटरला सोळा किलोमीटर देत असे आणि २०२५ मध्ये पेट्रोल १०३ रुपयांच्या आसपास होते, म्हणजे महिन्याला सुमारे ५,८०० रुपये. गाडी सगळीच्या सगळी महागड्या विजेवर चालवली असती तरी १,७०० च्या आत भागले असते. पेट्रोल सुटल्याची बचत सूर्यामुळे झालेल्या बचतीपेक्षा मोठी आहे. विकणारे दोन्ही एकत्र करून सांगतात, म्हणून सौर यंत्रणा दोन वर्षांत फिटते असा भास होतो.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी अकराला मुलगा मीटरजवळचा मुख्य स्विच तासभर बंद करतो. आईंच्या खोलीतला कॉन्सन्ट्रेटर त्या वेळी मुद्दाम लावलेला असतो. तो शिट्टी न देता चालू राहतो, ॲपवर बॅटरी शंभरावरून पाच-सात टक्के खाली आलेली दिसते आणि ऊन असेल तर तेवढीही नाही. गाडीही चौकात चार्जरला जोडूनच ठेवलेली असते. स्विच पडताक्षणी तिच्या चार्जरचा दिवा विझला, म्हणजे चाचणी नीट झाली असे वहीत लिहिले जाते.